घरचा कचरा, घरचा गॅस : टाकी घेण्याआधीचा हिशेब

आमच्या परसात गेली सहा वर्षं दोन काळ्या टाक्या आहेत, एकीत दुसरी उपडी घातलेली. बघायला येणारे आधी विचारतात, "सिलिंडर किती वाचतात?" मग विचारतात, "वास येतो का?" "गॅस कुठून सुटतो का?" हा प्रश्न मात्र आजवर एकाच बाईंनी विचारला. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. हा लेख मुख्यतः त्यांच्या प्रश्नाबद्दल आहे, कारण टाकीची खरी किंमत त्या उत्तरात दडलेली आहे. रुपयांतलीही आणि हवेतलीही.

खरकट्यावर चहा उकळला म्हणजे आपण पर्यावरणाचं काम केलं, असं आपण धरून चालतो. ते खरं आहे, पण दोन अटींवर. टाकीला रोज पुरेसं खाद्य मिळालं पाहिजे आणि तयार झालेला गॅस रोज जळला पाहिजे. ज्या घरात हे जमणार नाही, त्यांनी टाकी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी खताची टोपली स्वस्तही पडते आणि हवेलाही बरी.

मुळात ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून वापरल्याची नोंद १८९७ सालची आहे. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबरगॅस गावोगावी नेला. पण शहरात शेण कुठून आणायचं? या अडचणीवर पुण्याच्या 'आरती' संस्थेत, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये, डॉ. आनंद कर्वे यांनी वेगळा विचार केला. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून टाकलेलं अन्न. त्यात गॅस देणारा अंश थोडाच उरतो. मग जिवाणूंना थेट पिष्ट आणि साखर का देऊ नये? पाणी साठवायच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या कापून त्यांनी सुटसुटीत संयंत्र केलं. २००६ साली त्याला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच घरगुती टाक्या याच धर्तीच्या आहेत.

आता मापं. १ किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. स्वयंपाकघरातला मिश्र ओला कचरा, म्हणजे देठं, सालं, उरलेला भात, चहाचा चोथा, असा १ किलो घातला तर सुमारे १०० लिटर. गिरणीत जात्याखाली झाडून काढलेलं पीठ मिळालं तर त्याचा १ किलो पाच किलो देठांचं काम करतो, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं. १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर गॅस ४३० ग्रॅम एलपीजीच्या बरोबरीचा धरतात.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. चार माणसांच्या घरात रोज जेमतेम १ किलो ओला कचरा निघतो. त्याचे १०० लिटर, म्हणजे ४३ ग्रॅम एलपीजी. नेहमीच्या बायोगॅस शेगडीवर हा गॅस पंधरा-वीस मिनिटं जळतो. सकाळचा चहा आणि दूध तापवणं, संपलं. वर्षभर एकही दिवस न चुकता टाकी चालली तरी साडेपंधरा किलो एलपीजी, १४.२ किलोचा एक सिलिंडर आणि वर थोडासा. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. तो धरला तर वर्षाला साडेनऊशे रुपये वाचले. तुमच्या गावचा आजचा दर घालून हा गुणाकार पुन्हा करून बघा.

आणि खर्च? मला मिळालेले दर असे: १ घनमीटरची तयार प्लॅस्टिकची टाकी २० ते ४० हजार रुपये, गाव आणि विक्रेता पाहून. बायोगॅसची वेगळी शेगडी दीड ते तीन हजार; घरातली एलपीजीची शेगडी चालत नाही, कारण या गॅसचा दाब कमी आणि त्याला जेट मोठा लागतो. नळी, कॉक, पाणी उतरायचा सापळा यांचे हजार-दीड हजार. खाली सिमेंटचा ओटा करावा लागला तर गवंड्याचे पैसे निराळे. शिवाय पहिल्या भरणीला वीस-पंचवीस किलो ताजं शेण लागतं. गोठेवाले ते स्वस्तात देतात, पण आणायला टेम्पो लागतो. सगळं मिळून तीस-पस्तीस हजार धरा. वर्षाला साडेनऊशे वाचणार असतील तर टाकी झिजून जाईल, पैसे फिटणार नाहीत.

रोज ५ किलो घालता आलं तर मात्र चित्र बदलतं. वर्षाला ७८ किलो एलपीजी, साडेपाच सिलिंडर, म्हणजे साधारण ४,७०० रुपये. डागडुजीचे पाच-सातशे वजा करून आठ-नऊ वर्षांत टाकी फिटते. आमच्याकडे पाच किलो कसे होतात? शेजारच्या दोन घरांचा ओला कचरा आमच्या दारात येतो, कोपऱ्यावरच्या खानावळीतून दुपारी एक बादली येते आणि गिरणीवाले काका शनिवारी झाडलोटीचं पीठ देतात. ही माणसं नसती तर आमची टाकी उपाशी राहिली असती. एवढं करूनही आम्ही एलपीजीची जोडणी ठेवली आहे. चौघांच्या पूर्ण स्वयंपाकाला रोज सातशे लिटरच्या आसपास गॅस लागतो आणि डिसेंबरात आमची टाकी निम्म्यावर येते.

जागेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. अनेक जण टाकी गच्चीवर ठेवायला निघतात. १,००० लिटरची भरलेली टाकी १ टन वजनाची असते आणि ते सगळं वजन जेमतेम १ चौरस मीटरवर येतं. घरांच्या स्लॅब दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोचा वापर धरून बांधतात. बांधकाम अभियंत्याने तुळई-खांब बघून जागा दाखवल्याशिवाय टाकी गच्चीवर चढवू नका. त्याची फी खर्चातच धरा.

गळतीचा हिशेब

टाकीतल्या गॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा थोडा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन जाळला की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि तो कार्बन भाजीने हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे हवेवर नवा बोजा पडत नाही. न जाळता सुटलेला मिथेन मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर सुमारे ८० पट.

हे १ किलो कचऱ्याला लावून पाहू. १०० लिटर गॅस, त्यात ६० लिटर मिथेन, त्याचं वजन सुमारे ४० ग्रॅम. तो सगळा जाळला तर ४३ ग्रॅम एलपीजी वाचतो, म्हणजे हवेत जाणारा सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो. तो सगळा सुटला तर ४० गुणिले २८, म्हणजे १,१२० ग्रॅमचा बोजा. याचा अर्थ असा की शंभरातले बारा भाग गॅस गळला, तरी एलपीजी वाचवल्याचा सगळा फायदा पुसला जातो. मी हा आकडा पहिल्यांदा कागदावर काढला, त्या दिवशी संध्याकाळीच साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक सांधा तपासला.

सांध्यांत काही निघालं नाही. गळती दुसरीकडेच होती. बाहेरची टाकी आणि आतली उपडी टाकी यांच्यामध्ये चहूबाजूंनी फट असते. उपडी टाकी वर-खाली व्हायची तर ती लागतेच. त्या फटीखाली तयार झालेले बुडबुडे उपड्या टाकीत न जाता थेट हवेत फुटतात. बाहेरच्या टाकीचा व्यास ११० सेंटिमीटर आणि आतलीचा १००, म्हणजे बाजूला फट फक्त ५ सेंटिमीटरची. दिसायला चिंचोळी, पण क्षेत्रफळ काढलं तर एकूण पृष्ठभागाचा सतरा टक्के भाग उघडा. बाराच्या पुढे आपण तिथेच गेलो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या फटीबद्दल एक ओळही नव्हती. मी विचारल्यावर "एवढं चालतं" असं उत्तर मिळालं. ते चालत नाही.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे: पाण्याचा कडा. बाहेरच्या टाकीला दुहेरी भिंत, मध्ये स्वच्छ पाणी आणि उपडी टाकी त्या पाण्यात बुडालेली. मग कुजणाऱ्या राड्याचा पृष्ठभाग उघडा राहत नाही. वासही जातो. अशी टाकी महाग पडते आणि कड्यातलं पाणी आटलं की भरावं लागतं, डास होऊ नयेत म्हणून त्यावर जाळी किंवा चमचाभर खाद्यतेल टाकावं लागतं. तरीही नवीन घेणाऱ्याने हीच घ्यावी. पूर्ण बंद पिशवीसारखी संयंत्रंही मिळतात. त्यांना फट नसते, पण उन्हाने आणि उंदरांनी पिशवीला भोकं पडली तर सगळाच गॅस जातो. ती घ्यायची तर सावली आणि कुंपण दोन्ही करा.

दुसरी गळती आपल्याच हातून होते. आठ दिवस गावाला गेलो, टाकी भरून वर आली, गॅस कडेने सुटत राहिला. म्हणून सुट्टीवर जाण्याआधी चार दिवस खाद्य बंद करायचं आणि असलेला गॅस जाळून टाकायचा. घरात काही शिजवायचं नसलं तर पाणी तापवा, पण जाळा.

इथे एक न्याय टाकीलाही द्यायला हवा. हाच कचरा घंटागाडीतून डेपोवर गेला आणि ढिगाखाली दबला, तर तिथेही हवा नसते आणि तिथेही मिथेनच होतो, कुणाच्या चहाला न लागता. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला आग लागली, धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. असे ढीग पेटतात त्यामागे हा गॅस असतो. तेव्हा डेपोशी तुलना केली तर थोडी गळकी टाकीही बरीच म्हणायची. पण आपली तुलना डेपोशी नाही. ज्या माणसाला रोज टाकीला खाऊ घालायचा उत्साह आहे, त्याला खत करणंही जमतं. भोकं पाडलेल्या टोपलीत नारळाचा भुसा किंवा वाळला पाला घालून, दोन दिवसांनी खालीवर करत राहिलं तर आत हवा खेळते आणि मिथेन नगण्य होतो. खर्च हजार-दोन हजार, वीज शून्य. टाकीला या टोपलीपेक्षा सरस ठरायचं आहे. ओल्या कचऱ्याला विजेवर भाजून एका रात्रीत 'खत' देणारी यंत्रं मात्र घेऊ नका. कचऱ्यातलं सत्तर-ऐंशी टक्के पाणी विजेने उडवायचं, हे पैशाला आणि हवेला दोन्हीकडून महाग आहे.

राहिलेला ठसा

प्लॅस्टिकबद्दल लोक फार काळजी करतात, तेवढी गरज नाही. दोन टाक्यांत मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास पॉलिथिलीन असतं. ते बनवून घडवताना किलोमागे दोन-तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर-सव्वाशे किलो समजा. रोज ५ किलो खाणारी, न गळणारी टाकी वर्षाला सव्वादोनशे किलोंहून अधिक वाचवते, म्हणजे सहा महिन्यांत हे कर्ज फिटतं. रोज एकच किलो खाणाऱ्या टाकीला त्यासाठी अडीच वर्षं लागतात. टाकी काळीच घ्या. काळा रंग उन्हाला टिकतो आणि थंडीत आतला राडा कोमट ठेवतो. जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि पंधराच्या खाली ते जवळजवळ काम थांबवतात.

पाण्याकडे मात्र लक्ष द्या. कचरा पातळ करायला रोज १० लिटर नळाचं पाणी ओतलं तर वर्षाला साडेतीन हजार लिटर होतात, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात ते परवडणारं नाही. बाहेर पडणारी मळीच परत खाद्य कालवायला वापरा. नवं पाणी मग तांब्याभर पुरतं, तेही तांदूळ-डाळ धुतल्याचं.

कचरा वाटायला मिक्सर रोज पाच मिनिटं लावला तर वर्षाला पंधरा युनिट जातात. लहान टाकीच्या बचतीचा पाचवा भाग त्यातच संपतो. विळीवर बारीक चिरा, काम भागतं.

आणि मळी. ती पातळ असते, पण तिच्यात नत्र असतो. तिप्पट पाण्यातून कुंड्यांना घातली की कढीपत्ता, टोमॅटो, जास्वंद सगळं मानवतं. ती पिंपात महिनाभर साठवली तर तीही मिथेन सोडत राहते, आणि गटारात ओतली तर आपला भार आपण गावाच्या सांडपाण्यावर ढकलला. रोजची मळी रोज वापरायला दहा-पंधरा कुंड्या किंवा दोन-चार झाडं नसतील, तर हीसुद्धा टाकी न घेण्याची एक बाजू समजा.

रोजची निगा मी थोडक्यात सांगते. पहिल्या भरणीनंतर दोन-तीन आठवडे गॅस येत नाही. पहिले दोन-तीन फुगे जळत नाहीत, त्यात हवा मिसळलेली असते, ते मोकळ्या जागी सोडायचे आणि जवळ काडी ओढायची नाही. करवंट्या, हाडं, कोयी, अंड्यांची टरफलं आणि कांद्याची सालं घालू नका. लिंबाची सालं आणि आंबट ताक बेतानेच. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी गणपतीत चूक झाली: दहा दिवसांचे उरलेले मोदक, खीर आणि केळी एकदम टाकीत गेली. टाकी आंबली, ज्योत विझायला लागली, वास गल्लीपर्यंत गेला. खाद्य पूर्ण बंद केलं, चुन्याची निवळी घातली, शेणाचे दोन गोळे सोडले, तेव्हा पंधरा दिवसांनी ती ताळ्यावर आली. सणाचं अन्न चार दिवसांत वाटून घालावं, एवढंच त्याचं औषध.

अनुदान आणि सोसायट्या

केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात सर्वसाधारण गटाला १ घनमीटरसाठी ९,८०० रुपये आणि २ ते ४ घनमीटरसाठी १४,३५० रुपये अनुदान होतं. त्याचा रोख मुख्यतः ग्रामीण, गुरं असलेल्या घरांकडे आहे. गावात असाल तर जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात चालू टप्प्याची चौकशी करा, आणि टाकी विकत घेण्याआधी करा. आधी घेतली आणि मग अर्ज केला तर तो बसवणं अवघड. शहरातल्या स्वयंपाकघराच्या टाकीला हे पैसे मिळतील असं विक्रेता म्हणत असेल तर लेखी मागा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. आपली टाकी त्यात बसते का, हे आपल्या पालिकेत विचारावं.

सोसायट्यांचं गणित निराळं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्य तोवर आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली आणि तेव्हापासून सोसायट्यांत संयंत्रं आली. शंभर घरांचा १०० किलो कचरा रोज १० घनमीटर गॅस देतो, महिन्याला १९ किलोचे जवळजवळ सात व्यावसायिक सिलिंडर. पण संयंत्राची किंमत काही लाखांत आणि एका कामगाराचा पगार दरमहा. बचत बहुधा त्या पगारातच जाते. तरी मी म्हणते करा, पण आधी गॅस कोण जाळणार ते ठरवा. आवारात कँटीन असेल, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांचा स्वयंपाक होत असेल, तर त्यांच्या शेगडीपर्यंत नळी आधी टाका. गॅसला गिऱ्हाईक नसलेलं संयंत्र रोज मिथेन हवेत सोडतं आणि वर कागदोपत्री नियम पाळल्याची नोंद होते. असं घडत असेल तर सभेत आवाज उठवा. निदान उरलेला गॅस जाळणारी मशाल तरी बसवून घ्या.

तुमच्या शहरात वेगळा केलेला ओला कचरा घेऊन गॅस करणारं मोठं केंद्र असेल, तर घरच्या टाकीचा विचारही करू नका. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यासाठी बांधलेलं केंद्र चालतं. रोज सतरा टन बायो-सीएनजी करायची त्याची क्षमता आहे आणि शहराच्या बसगाड्या त्या गॅसवर धावतात. अशा ठिकाणी आपलं काम एकच: ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकचा एक तुकडाही जाऊ द्यायचा नाही.

विक्रेत्यासमोर बसाल तेव्हा चार गोष्टी लेखी घ्या. फटीला पाण्याचा कडा आहे का. दिलेला गॅसचा आकडा किती किलो आणि कोणत्या खाद्यावर आहे. शेगडी किमतीत धरली आहे का. आणि पहिल्या वर्षात टाकी आंबली तर कोण येणार.

त्याही आधी एक वही घ्या आणि पंधरा दिवस घरचा ओला कचरा रोज संध्याकाळी तोलून लिहून ठेवा. शेजाऱ्यांचा नक्की मिळणार असेल तर तोही तोला. सरासरी तीन किलोंच्या खाली आली, तर तीस हजार रुपये वाचवा आणि खताची टोपली आणा.